रुपयावर कोण?

दोस्तांनो, पुतळ्याला चौथरा लागतो. नाण्याला काहीच लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीच्या कनवटीलाही ते जाऊन बसतं. म्हणून त्यावर कुणाला उमटवायचं हा प्रश्न बारका समजू नका. नाणं पाडायचा अधिकार कायद्याने एकट्या केंद्र सरकारचा. तेव्हा तिथं कोण चढलं आणि कोण ताटकळलं, हा सुद्धा इतिहासच आहे.

हिशेब मांडू. नेहरू १९६४ ला गेले, त्याच सालचं त्यांचं नाणं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं स्मारक नाणं. गांधींचं १९६९ ला, जन्मशताब्दीला. इंदिरा गांधी १९८४ ला गेल्या, नाणं १९८५ चं. राजीव गांधी गेले १९९१ ला, नाणं त्याच सालचं. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. त्यांचा रुपया निघाला १९९० साली. चौतीस वर्षं! मधल्या काळात अन्न, बचत, नियोजित कुटुंब, सगळ्यांवर नाणी निघाली. १९७२ च्या दुष्काळात आपली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, आणि १९७३ च्या नाण्यावर उपदेश होता: जास्त अन्न पिकवा. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यानं कुठं पिकवायचं, हे काय नाण्यावर नव्हतं.

आता खरी गंमत ऐका. या सगळ्या चेहऱ्यांत रुपयाचाच मुळापासून अभ्यास केलेला माणूस एकच. १९२३ ला लंडनात त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ छापून आला. रुपया उतरला की निर्यात करणारा खूष होतो, पण त्याचा तो नफा येतो कामगाराच्या खिशातून. कारण भाव आधी चढतात, मजुरी मागून लंगडत येते. हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. पुढं हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी सरळ सांगितलं की टांकसाळ जनतेला बंद आहे तशी सरकारलाही बंद करा, नवे रुपये पाडूच नका. हवे तेवढे रुपये पाडायची मोकळीक सरकारला दिली, की रुपयाचा भरवसा संपतो.

सरकारनं त्याच माणसाचा चेहरा रुपयावर पाडला. आणि जुलै १९९१ मध्ये, शताब्दी वर्ष सरून तीन महिने होत नाहीत तोच, त्याच रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन केलं. चेहरा वर, किंमत खाली. पगाराचं पाकीट तेवढंच, पिशवीतलं धान्य कमी. ग्रंथ कुणी उघडलाच नाही.

२०१५ ला १२५ व्या जयंतीची दोन नाणी निघाली. एक दहा रुपयांचं, बाजारात चालणारं. दुसरं एकशे पंचवीस रुपयांचं, ते चलनासाठी नाहीच. संग्रह करणाऱ्याच्या मखमली डबीत बसायचं. मला विचाराल तर घामाच्या हातानं झिजलेला १९९० चा रुपया मोठा.

मग लायक कोण? कसोटी बाबासाहेबांनीच देऊन ठेवलीय. १९४३ ला पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेला झोडपलं. ज्याच्या अंगात समाज बदलायची प्रेरणा आहे, जो समाजावर आसूड ओढतो आणि समाजाची घाणही साफ करतो, तो थोर. ही कसोटी घेऊन सगळी नाणी वाजवून बघा. किती बद्द वाजतात ते कळेल.

आणि माणसांवरच का थांबायचं? दांडीयात्रेच्या ७५ वर्षांचं नाणं २००५ ला निघालं. मिठासाठी चालणाऱ्या पायांचा मान झाला, चांगलं झालं. पण त्याच्या तीन वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला हजारो हात लागले होते. मीठ परक्या सरकारनं अडवलं होतं, पाणी आपल्याच शेजाऱ्यानं. या कसोटीनं नाण्यावर ती ओंजळ यायला हवी. चेहरा नको, नाव नको, नुसती पाण्यानं भरलेली ओंजळ.

ही मागणी आपण करायची. पण आधी तो ग्रंथ मिळवा, वस्तीत बसून चार-चार पानं मोठ्यानं वाचा. रुपयावरचा बाप ओळखायचा तर त्यानं रुपयाबद्दल काय सांगितलं, ते आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

जय भीम.