सालाकेत, होसे
(१९४२–२०२०). चिली या देशातील कायदेपंडित, मानवी हक्कांचा पुरस्कर्ता आणि ‘संक्रमणकालीन न्याय’ या विचाराचा एक प्रमुख भाष्यकार. चिली विद्यापीठातून त्याने कायद्याची पदवी घेतली. सप्टेंबर १९७३ मध्ये जनरल पिनोचेतने लष्करी बंड करून साल्वादोर आयेंदेचे सरकार उलथून टाकले. त्यानंतर विविध चर्चसंस्थांनी स्थापन केलेल्या शांतता समितीच्या विधिविभागाची धुरा त्याने वाहिली. अटकेत पडलेल्या व बेपत्ता झालेल्या व्यक्तींसाठी समितीने देहोपस्थितीचे असंख्य अर्ज न्यायालयांत केले; ते जवळजवळ सर्वच फेटाळले गेले. तथापि या अर्जांमुळे साचलेली कागदपत्रेच पुढे सत्यशोधनाचा मुख्य आधार ठरली. १९७५ मध्ये सालाकेतला तुरुंगात टाकण्यात आले व १९७६ मध्ये हद्दपार करण्यात आले. परदेशात तो ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष झाला. १९८६ मध्ये तो मायदेशी परतला.

१९९० मध्ये लोकशाही पुनःस्थापित झाली; पण पिनोचेत सेनापतिपदी कायम होता आणि लष्कराने १९७८ मध्ये स्वतःलाच बहाल केलेली माफीही लागू होती. अशा स्थितीत राष्ट्राध्यक्ष पात्रिस्यो आयल्विन याने राऊल रेत्तिग याच्या अध्यक्षतेखाली आठ सदस्यांचा आयोग नेमला. त्यात सालाकेतबरोबर पिनोचेतचा एक माजी शिक्षणमंत्रीही होता, आणि तरीही अहवाल एकमताने झाला, हे विशेष होय. १९९१ च्या या अहवालात २,२७९ व्यक्तींचा बळी गेल्याचे नमूद आहे. गुन्हेगारांची नावे मात्र नाहीत. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आरोपीस बचावाची संधी न देता त्याचे नाव जाहीर करणे अन्यायाचे होईल, असे याचे समर्थन सालाकेतने केले. पीडितांच्या अनेक नातलगांना ते पटले नाही, व त्यांचा रोष निराधार म्हणता येत नाही.

माक्स वेबरच्या ‘जबाबदारीच्या नीती’चा आधार घेऊन सालाकेतने असे प्रतिपादिले, की नव्या शासनाने शक्य तेवढा न्याय करावा, परंतु सत्याबाबत तडजोड करू नये, माफी दिलीच, तर ती सत्य उघड झाल्यानंतर. दक्षिण आफ्रिकेत सत्य आयोगाच्या स्थापनेपूर्वी झालेल्या विचारविनिमयात त्याने भाग घेतला होता. तेथे मात्र गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यासच माफी, असा निराळा मार्ग पत्करण्यात आला आणि आयोगाला नावे जाहीर करण्याचा अधिकारही मिळाला.

१९९९–२००० मध्ये लष्कर व मानवी हक्कांचे वकील यांच्यातील संवादमंचातही तो सहभागी झाला. लष्कराने त्यानंतर बेपत्ता व्यक्तींविषयी दिलेल्या माहितीपैकी बरीच पुढे चुकीची निघाली.