ओफीर आणि शूर्पारक : एका नामसाम्याची तपासणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या ग्रामनामातला ‘लोण’ हा अंश संस्कृत ‘लवण’ शब्दापासून नियमाने सिद्ध होतो, आणि तेथील सरोवराचे पाणीही खारे आहे. ध्वनी व वस्तू यांची अशी दुहेरी साक्ष असली म्हणजे नामनिश्चितीस बळकटी येते. शलमोनाच्या नौकांनी जेथून सोने आणले ते बायबलातील ‘ओफीर’ म्हणजे वसईजवळील सोपारा, या जुन्या मताला हीच कसोटी लावून पाहू.

त्या मताचा मुख्य आधार ग्रीक भाषांतरातील ‘सोफीर’ हे सकारयुक्त रूप होय. परंतु ते भाषांतर शलमोनानंतर अनेक शतकांनी झालेले. तेल कसीले येथे 1946 साली मिळालेल्या, इ. स. पू. 8 व्या शतकातील खापरावर ‘ओफीरचे सोने’ असा हिब्रू लेख आहे. त्यात आरंभी ‘स’ नाही. उलट शूर्पारक, सुप्पारक, उषवदाताच्या नाशिक लेखातील ‘शोर्पारग’, टॉलेमीचे ‘सूपारा’ यांपैकी एकाही रूपाने आद्य ऊष्मवर्ण सोडलेला नाही. ‘फी’मधील ईकाराची उपपत्तीही लागत नाही.

वानरवाचक हिब्रू ‘कोफ’ शब्दाचे ‘कपि’शी साम्य पुढे केले जाते खरे, पण तो शब्द तार्शीशच्या जहाजांच्या वर्णनात येतो, ओफीरच्या नव्हे! शिवाय भगवानलाल इंद्रजींना 1882 साली सोपाऱ्यास सापडलेला अशोकाचा शिलालेख इ. स. पू. 3 ऱ्या शतकातील, तर शलमोनाचा काळ 10 व्या शतकातील. ‘उत्पत्ति’ग्रंथातील वंशावळीत मात्र ओफीर हे नाव शबा व हवीला यांच्यामध्ये आले आहे. माझ्या मते त्याचा शोध अरबस्तानाच्या बाजूस घेणेच युक्त.