बूट मेनूतील नाव आणि प्रत्यक्ष पार्टिशन

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसविल्यास संगणक सुरू होताना निवडीसाठी यादी दिसते. ही यादी दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला बूट मॅनेजर म्हणतात. यादीतील नाव आणि त्यामागील पार्टिशन यांचा मेळ मात्र नेहमीच बसतो असे नाही.

यादीतील नाव हा केवळ मजकूर असतो. कोणते पार्टिशन सुरू करायचे, हे त्यासोबतच्या स्वतंत्र नोंदीवरून ठरते. विंडोज एक्सपीमध्ये ही माहिती बूट.आयएनआय या फाइलमध्ये असे. तेथील अवतरणचिन्हांतील नाव बदलले, तरी सुरू होणारे पार्टिशन तेच राहत असे.

घोटाळ्याचे एक कारण क्रमांकांत आहे. लिनक्ससोबत येणाऱ्या ग्रब या बूट मॅनेजरची जुनी आवृत्ती पार्टिशनची मोजणी शून्यापासून करीत असे. ग्रब २ ती एकपासून करते; डिस्कची मोजणी मात्र शून्यापासूनच होते. त्यामुळे जुनी नोंद नव्या ग्रबमध्ये जशीच्या तशी उतरविल्यास ती चुकते. तसेच, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर लॉजिकल पार्टिशनचे क्रमांक पाचपासून सुरू होतात. मधले एखादे काढून टाकल्यास पुढील क्रमांक बदलतात.

दुसरे कारण आपोआप होणाऱ्या शोधाचे आहे. ग्रब २ साठी ओएस-प्रोबर हा प्रोग्रॅम अन्य सिस्टीम शोधतो. विंडोज ७ बसविताना सहसा १०० एमबीचे राखीव पार्टिशन तयार होत असे. बूट फाइल तेथे असल्याने यादीत विंडोजपुढे त्याच पार्टिशनचे नाव येते. हे निरुपद्रवी आहे. उत्पादकाने दिलेल्या रिकव्हरी पार्टिशनवरही अशाच फाइल असतात आणि तेही विंडोज या नावाने यादीत येऊ शकते. ते निवडून पुढील सूचनांना होकार दिल्यास संगणक मूळ स्थितीत आणला जातो व साठविलेली माहिती पुसली जाऊ शकते.

म्हणून यादी बदलण्यापूर्वी प्रत्येक पार्टिशनचा आकार, फाइल सिस्टीम व यूयूआयडी हा ओळख क्रमांक तपासावा. यूयूआयडी पार्टिशनच्या क्रमांकावर अवलंबून नसतो. ग्रब.सीएफजी ही फाइल नव्याने तयार होताना तीत थेट केलेले बदल नाहीसे होतात. त्यामुळे स्वतःची नोंद ४०_कस्टम या फाइलमध्ये करावी. २०२१ मधील ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आला आहे. अनोळखी नोंद निवडण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवणे हिताचे ठरते.