सिकलसेल आजार : प्रौढ रुग्णांची उपचार घेण्याची कारणे

सिकलसेल हा मुख्यत्वे आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने होणारा जन्मजात रक्तविकार आहे. रुग्णाला बोलीत ‘एसएस’ आणि वाहकाला ‘एएस’ म्हणतात. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सुमारे 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होतात.

प्रसार : महाराष्ट्रात विदर्भ व सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार अधिक आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सोयगाव भागांत भिल्ल वस्ती असून त्या समाजात हे जनुक आढळते. विदर्भ-खानदेशातून वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबेही शहरात आहेत. त्यामुळे 1956 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे ‘घाटी’त, किंवा गल्लीतल्या दवाखान्यात वारंवार अंगदुखी सांगणाऱ्या तरुणाबाबत या आजाराची शंका घेतलीच पाहिजे.

कारणे : सर्वांत मोठे कारण वेदना. कंबर, पाठ, छाती व हातापायांची हाडे अचानक ठणकू लागतात. थंडी, ताप, अतिश्रम, उन्हात पाणी कमी पडणे ही निमित्ते ठरतात. तापासोबत छातीत दुखून धाप लागल्यास जिवाला धोका असतो. रक्त फार उतरणे, कावीळ व पित्ताचे खडे, वाढलेली पानथरी, खुब्याचे हाड झिजून लंगडणे, घोट्याजवळची न भरणारी जखम, पुरुषांत तासन्‌तास न ओसरणारा लिंगताठरपणा, पक्षाघात, मूत्रपिंड व डोळ्यांचे विकार हीही कारणे आहेत. गरोदरपण व बाळंतपण जोखमीचे असते.

उशीर : रुग्ण बहुतेक दुखणे घरीच सोसतात. अमेरिकेत व्हर्जिनियातील 232 रुग्णांच्या रोजनिशींच्या 2008 मधील अभ्यासात निम्म्याहून अधिक दिवशी वेदना नोंदली गेली. दवाखाना गाठला गेला तो केवळ 3.5 टक्के दिवशी. रोजंदारी बुडणे, प्रवासखर्च आणि ‘नाटक करतो’ हा शेरा यांमुळे पाऊल अडते. तपासणीत डोळे किंचित पिवळे, नाडी व रक्तदाब ठीक, एक्स-रे स्वच्छ, आणि तरीही माणूस कळवळत असतो. वेदना मोजणारी रक्ततपासणी नाही. रुग्णाचा शब्द हाच पुरावा मानून, तो आल्यापासून तासाभरात वेदनाशामक द्यावे, असा वैद्यकीय संकेत आहे.

निदान व प्रतिबंध : रक्ताच्या सोल्युबिलिटी चाचणीत शंका आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने निदान पक्के होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घेतल्याने वेदनेचे झटके व रुग्णालयाच्या खेपा कमी होतात. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार समाविष्ट आहे. निदानानंतर दुखत नसतानाही मूत्रपिंड, डोळे व रक्ताची नियमित तपासणी व्हायला हवी. अवयवांची हानी पुष्कळदा वेदनेविना सुरू होते.