मिपो शस्त्रक्रिया: छोट्या छेदातून हाडाला प्लेट

मिपो म्हणजे काय?
मोडलेली जागा न उघडता, तिच्या वर आणि खाली छोटे छेद घेऊन प्लेट बसवण्याच्या पद्धतीला मिपो म्हणतात. डॉक्टर पाय ओढून हाड सरळ रेषेत आणतात, स्नायूंखालून प्लेट सरकवतात आणि तिच्या दोन्ही टोकांना स्क्रू लावतात. हे सारे सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत केले जाते.

फायदा काय?
हाडाच्या तुकड्यांना बराचसा रक्तपुरवठा वरच्या आवरणातून व लगतच्या स्नायूंमधून होतो. मिपोमध्ये तो बऱ्याच अंशी टिकतो. मोडलेल्या जागी साकळलेले रक्तही तसेच राहते आणि तिथूनच नवे हाड भरू लागते.

कोणासाठी?
मांडीचे हाड गुडघ्याजवळ, किंवा नडगीचे हाड गुडघ्याजवळ वा घोट्याजवळ अनेक तुकड्यांत मोडले असेल, तर ही पद्धत उपयोगी पडते. सांध्याचा पृष्ठभाग सरकला असेल, तर तो भाग बहुधा उघडूनच जुळवावा लागतो. पायाला खूप सूज असल्यास ती उतरेपर्यंत काही दिवस थांबतात. त्याने जखम चिघळण्याचा धोका कमी होतो.

धोके कोणते?
जंतुसंसर्ग, हाड उशिरा जुळणे किंवा न जुळणे. हाड थेट दिसत नसल्याने ते थोडे वाकडे किंवा फिरलेले जुळण्याचीही शक्यता असते.

टाके लहान, तरी घाई नको
वरची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. हाड जुळायला मात्र काही महिने लागतात. तोपर्यंत सगळा भार प्लेटवर येतो आणि लवकर चालल्यास ती वाकू किंवा तुटू शकते. पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टर तपासणी आणि एक्स-रे पाहून ठरवतात. तोवर वॉकर किंवा कुबड्या सोडू नका. गुडघ्याचे व घोट्याचे व्यायाम मात्र सांगितल्याप्रमाणे सुरू ठेवा. विडी, सिगारेट, तंबाखू बंद करा आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवा.

ताबडतोब दवाखान्यात कधी जावे?
ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे, औषधाने न थांबणारी तीव्र वेदना, बोटे बधिर किंवा थंड पडणे, पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका.