कृष्णेच्या पंगतीला कोण कोण?

आम्ही गटाच्या बैठकीला बसलो की थोरल्या बायका सांगतात, मिरगाच्या पहिल्या पाण्याला मासे धारेवर चढायचे आणि गरिबाघरी कालवण शिजायचं. मग ते मासे गेले कुठं?

नदीत एक पंगत असते. शेवाळावर किडे-अळ्या जगतात, त्यांच्यावर बारके मासे आणि बारक्या माशांवर मरळ, शिंगाळा नि काठावरचा खंड्या. इंग्रजांच्या काळात कराडजवळ खोडशीचा बंधारा झाला, १९६० च्या दशकात कोयना धरण, नंतर धोम. त्यातून आपल्याला ऊस मिळाला, वीज मिळाली, पण अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट अडली. १९५२ साली देशात आणलेला आफ्रिकेतला चिलापीही पंगतीत घुसला.

आता हवामानही फिरलंय. २०१९ ला महापूर आला, तर उन्हाळ्यात धार बारीक होते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. वर घाण पाणी मिसळलं की मासा गुदमरतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता.

बचतीचा हिशेब आपण ठेवतोच. पुढच्या बैठकीत थोरल्या बायकांना विचारून माशांची नावंही वहीत लिहू. कोण उरलं, कोण गेलं, ते तरी कळेल.