पालकांची अनिश्चितता : लिंगविकासातील भिन्नता आणि मापन

लिंगविकासात भिन्नता असलेल्या बालकांच्या आईवडिलांना निदान, उपचार आणि मुलाचे पुढचे आयुष्य यांविषयी वाटणारी अनिश्चितता प्रश्नावलीद्वारे मोजण्याची पद्धत. गुणसूत्रे, जननग्रंथी किंवा जननेंद्रिये यांची घडण नेहमीपेक्षा वेगळी झालेल्या जन्मजात स्थितींना लिंगविकासातील भिन्नता म्हणतात. काही बाळांना पाहून मुलगा की मुलगी हे जन्मतःच सांगता येत नाही. काहींचे निदान वयात येताना होते.

मापनासाठी बहुधा अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ मर्ल मिशेल यांची पालक-श्रेणी वापरतात. ती 1983 मध्ये, रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या पालकांसाठी तयार झाली. तीत 31 विधाने असून प्रत्येकाला पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंतच्या पाच पर्यायांतून उत्तर द्यायचे असते. उत्तरांतून अनिश्चिततेची चार अंगे दिसतात : स्थितीविषयीची संदिग्धता, सांगितलेले नीट न उमगणे, माहितीची उणीव आणि पुढचा अंदाज न येणे. बेरजेपेक्षा ही फोड महत्त्वाची आहे. माहिती कमी असेल तर डॉक्टरांनी वेळ काढून सांगावी. पण मूल मोठेपणी स्वतःला स्त्री मानेल की पुरुष, याचे खात्रीचे उत्तर डॉक्टरांकडेही नसते. तिथे दिलासा म्हणून दिलेली खोटी हमी पालकांचे नुकसानच करते.

कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया या अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकाराच्या, शरीरातील क्षार घटणाऱ्या प्रकारात हे दोन्ही प्रश्न एकदमच समोर येतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळाच्या रक्तातील सोडियम घसरून जिवावर बेतू शकते. गोळ्या वेळेवर द्याव्या लागतात आणि ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा डॉक्टरांनी नेमून दिल्याप्रमाणे वाढवावी लागते. हे शिकवता येते, आणि शिकल्यावर आईवडिलांचा हात स्थिरावतो. घरात मात्र बारशाची तयारी चालू असते, नातेवाईक ‘काय झालं?’ म्हणून फोनवर फोन करत असतात. भारतात जन्मनोंद नावाशिवायही होते व नाव नंतर घालता येते, एवढे कोणी वेळीच सांगितले तरी त्या घराला श्वास घ्यायला जागा मिळते.

मूळ श्रेणी आजारी मुलाला गृहीत धरते, ही तिची अडचण. लिंगविकासातील भिन्नता असलेली कित्येक मुले ठणठणीत असतात. त्यांच्या पालकांना ‘आजार’, ‘लक्षणे’ हे शब्द गैरलागू वाटतात. त्यामुळे या गटासाठी विधानांची भाषा आणि घटकरचना नव्याने तपासावी लागते. अमेरिकेतील अभ्यासांत वाढीव अनिश्चिततेचा पालकांची चिंता व नैराश्याची लक्षणे यांच्याशी संबंध दिसला आहे. आई व वडील यांची उत्तरे स्वतंत्रपणे घेणे आणि मापन काही काळाने पुन्हा करणे आवश्यक असते, कारण दोघांची भीती एकच नसते आणि मुलाच्या वयाबरोबर तिचा विषयही बदलतो.

सर्वांत कठीण निर्णय लहानपणीच्या शस्त्रक्रियेचा. या स्थितींविषयीच्या 2006 च्या शिकागो सहमतिपत्राने अशा मुलांची काळजी अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून घ्यावी, असे सुचवले. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असल्याखेरीज, अर्भके व बालके यांच्यावरील लिंग ‘सामान्य’ करण्याच्या शस्त्रक्रियांना मनाई केली. आपली अस्वस्थता लवकर मिटावी म्हणून पालक शस्त्रक्रियेला होकार देत आहेत का, हे संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी समुपदेशकाने विचारायला हवे. श्रेणीवरील उत्तरे या संभाषणाची सुरुवात करून देतात.